भिंतीपलीकडची झोप

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या दारावर एक पुठ्ठा टांगलेला असतो. त्यावर जाड निळ्या अक्षरांत लिहिलंय, 'झोपले आहे. आग लागली असेल तरच उठवा.' त्याखाली कधीतरी नंतर, वेगळ्या पेनाने भर घातलीय, 'आधी खात्री करा.'

हे दार मावशीचं. ती एका मोठ्या इस्पितळात नर्स आहे. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, पण तिची भाची तिला मावशी म्हणते म्हणून सगळी इमारत म्हणते, आणि मीही म्हणते. गेली सव्वीस वर्षं ती रात्रपाळी करते. सकाळी आठला सुटते, नऊला अंथरुणावर पडते आणि दुपारी तीनला उठते. दिवसपाळी का घेत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "दिवसा वॉर्डात साहेब असतात, त्यांचे साहेब असतात, भेटायला आलेले नातेवाईक असतात. रात्री फक्त आजारी माणसं असतात. त्यांच्याशी माझं जमतं."

जागी असताना मात्र तिचं फारसं कुणाशी जमत नाही. तिचा बराचसा दिवस 'कर्म माझं' आणि 'डोक्याला ताप' या दोन शब्दप्रयोगांवर निभतो. दारावरची घंटा तिने स्वतः वायर कापून बंद केलीय. एकदा एक विमा एजंट पुठ्ठा वाचूनही दार ठोठावत राहिला. मावशीने दार उघडलं, त्याचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत नाडी मोजली आणि म्हणाली, "शहाण्णव. घरी जाऊन पडा." तो खरंच गेला.

मनी तिच्याकडे आली ती सात वर्षांची असताना. मनी म्हणजे मावशीच्या थोरल्या बहिणीची मुलगी. तिचे आईवडील दोघेही पुलांच्या बांधकामावर असतात. एक पूल झाला की दुसरी नदी. दर दीड वर्षाला शाळा बदलून मुलीचं डोकं फिरेल म्हणून त्यांनी तिला मावशीकडे ठेवलं. तिला मनी हे नाव आमच्या इमारतीने दिलं. ती जिन्यावरून जायची ते मांजरासारखी, मागे उभी राहिली तरी कळायचं नाही. माझ्या वर्गात ती दोन वर्षं होती. धडा वाचायला उभी केली की ओठ हलताना दिसायचे, बाकी काही नाही. "मोठ्याने वाच, मनी," असं मी त्या दोन वर्षांत इतक्या वेळा म्हटलं असेन की शेवटी मागच्या बाकावरची मुलंच माझ्या आधी एका सुरात म्हणायला लागली. मनीला त्याचं काही वाटलं नाही. ती शांतपणे ओठ हलवत राहिली. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी हरले अशी दोन-तीनच मुलं, त्यांतली ही एक.

पण यात तिची काय चूक? शाळा साडेबाराला सुटायची आणि मावशी झोपायची तीनपर्यंत. दाराची कडी करकरायची, म्हणून घरात जायची सोय नव्हती. मनी जेवायला वर माझ्याकडे यायची. माझ्याकडे जास्त वेळ बसलं की मी पुस्तक हातात देते, हे तिच्या फार लवकर लक्षात आलं. मग हात धुतले की ती मागच्या अंगणात पळायची.

तिची रॅकेट मावशीच्याच वॉर्डातून आली होती. तिथल्या एका डॉक्टरच्या मुलीने टेनिस सोडलं, तेव्हा जुनी रॅकेट आणि टक्कल पडलेले तीन चेंडू डॉक्टरांनी मावशीला दिले. आमच्या अंगणाच्या तीन बाजूंना स्वयंपाकघरांच्या खिडक्या आहेत. बिनखिडकीची भिंत एकच, आणि तिच्या पलीकडे, अगदी भिंतीला टेकून, मावशीची खाट.

पहिल्या दिवशी मनीने चेंडू मारला. दुसऱ्यांदा मारला. तिसऱ्यांदा मारायच्या आत मावशी अंगणात उभी होती, केस मोकळे, एका पायात चप्पल.

"कोण गेलं?" ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत झोपेतून उठवल्यावर तिला सुचणारा हा पहिला प्रश्न.

"कुणी नाही. मी खेळतेय."

"खेळ. पण मला जाग आली ना, तर ही रॅकेट माळ्यावर. समजलं?"

मावशीच्या मनात ही बंदी होती. भिंतीवर चेंडू मारून पलीकडच्या माणसाला जाग येणार नाही, हे कसं शक्य आहे? मनी मात्र तिला अट समजली. जाग आली नाही म्हणजे खेळायला परवानगी. आणि ती अट पाळायला तिने सुरुवात केली.

मी वरून, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, हे सगळं पाहिलंय. आधी ती चेंडू इतका हळू सोडायची की तो भिंतीपर्यंत पोचायचाच नाही. मग पोचायला लागला. मग भिंतीला नुसता हात लावून परत यायला लागला. वर्षभरात तिला असं काही जमलं की चेंडू शंभर-शंभर, दोनशे-दोनशे वेळा जाऊन येई आणि आवाज व्हायचा तो फक्त 'टप्', ओल्या कपड्यातून पाण्याचा थेंब पडावा तसा. चेंडू कुठेही आला तरी ती आधीच तिथे उभी असायची, कारण तो हातातून सुटून कुणाच्या पत्र्याच्या डब्यावर आपटला तर संपलंच.

मावशीला जाग आली नाही. उलट सवय लागली. "बाई, गंमत सांगू का," ती एकदा मला म्हणाली, "ती टपटप थांबली ना जास्त वेळ, की मला जाग येते."

मनी अकरा वर्षांची झाली तेव्हा शाळेच्या खेळाच्या सरांनी तिला टेनिसच्या मैदानावर नेलं. तिथे तिला कप्तानबाईंनी पाहिलं. कप्तानबाई म्हणजे आमच्या शहराच्या मुलींच्या संघाच्या प्रमुख. सांघिक सामन्यात या स्वतः खेळत नाहीत, मैदानाच्या कडेला बाकावर बसतात आणि बाजू बदलताना मुलींशी बोलतात. खरं तर ओरडतात. अनेक वर्षं ओरडून त्यांचा घसा कायमचा बसलाय. मनीला पहिल्यांदा खेळताना बघून त्या आनंदाने म्हणाल्या, "ही मुलगी चुकतच नाही!" चार वर्षांनी त्या हेच वाक्य म्हणत होत्या, पण दोन्ही हात डोक्याला लावून.

कारण मनी नुसती चुकत नव्हती. दुसरं काही करतच नव्हती. समोरच्या मुलीने कसाही मारलेला चेंडू ती परत द्यायची. मऊ, उंच, मधोमध. समोरची पुन्हा मारायची, मनी पुन्हा परत द्यायची. शेवटी समोरची वैतागून बाहेर मारायची. इतर मुलींचा सामना तासाभरात संपे, मनीचा तीन तास चाले. पंचांना पायांत गोळे येत. बघायला आलेले लोक वर्तमानपत्र उघडत. संघातल्या मुलींनी तिचं नाव 'भिंत' ठेवलं, आणि तिला ते कौतुक वाटलं.

गेल्या वर्षी आमचा संघ सोळा वर्षांखालच्या मुलींच्या देशातल्या सगळ्यात मोठ्या सांघिक स्पर्धेत अंतिम फेरीला पोचला. अंतिम सामना आमच्याच शहरात होता. त्याच्या आठ दिवस आधी, दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी, कप्तानबाई मावशीच्या दारात आल्या. मी तिथेच होते, मावशीला गरम पाणी द्यायला खाली गेले होते. तिचा गॅस संपला होता, म्हणजे कर्म तिचं.

"तुम्ही तिच्या मावशी ना? तिला सांगा की मार म्हणून," कप्तानबाई उभ्या-उभ्याच म्हणाल्या.

"कुणाला मारायचं?"

"चेंडूला हो! चार वर्षं सांगतेय. मान डोलावते आणि परत तेच. तिला ताकद आहे, मी तिचे दंड बघितलेत. पण मारत नाही म्हणजे नाही. आता संघ निवडणारी कमिटी म्हणते, हा असला खेळ पुढे चालणार नाही. दुसरी एक मुलगी आहे, ती मारते. निम्मे चेंडू रस्त्यावर जातात, पण मारते. मी भांडले. शेवटी एवढंच पदरात पडलं की अंतिम सामन्यात मनी जिंकली तर संघात राहील. हरली तर तिची जागा त्या मुलीला."

"मनीला माहितीये?"

"माहितीये. मी सांगितलं. तिने काय केलं सांगू?"

"मान डोलावली," मावशी आणि मी एकदमच म्हणालो.

कप्तानबाई खुर्चीवर बसल्या. "तुम्ही तिचा खेळ बघितलाय का कधी?"

"मी रोज ऐकते."

"ऐकता?"

"बघायला वेळ कुठे असतो? सामने दिवसा असतात, दिवसा मी झोपते." मग मावशी जरा वेळ कपाच्या काठावरून बोट फिरवत राहिली. "येते. या वेळी येते. आदल्या रात्रीची रजा टाकते."

रजा मंजूरही झाली. पण त्या रात्री बदली येणारी नर्स आजारी पडली आणि मावशीला रात्रभर ड्यूटी करावी लागली. सकाळी दहाला ती थेट मैदानावर आली. पायांत वॉर्डातले पांढरे बूट, खांद्याला डबा, डोळे लाल. मी आधीच जाऊन तिच्यासाठी जागा धरली होती. मैदानाला तारेचं कुंपण, कुंपणामागे सिमेंटच्या चार पायऱ्या, तेच प्रेक्षागृह. आम्ही वरच्या पायरीवर बसलो.

"आज डोळा लागू द्यायचा नाही," ती म्हणाली. "मी झोपले तर मला चिमटा काढा, बाई."

अंतिम सामना म्हणजे तीन लढती, त्यांतल्या दोन जिंकायच्या. आधी दुहेरी झाली, ती आपण जिंकलो. मग पहिल्या क्रमांकाच्या मुलींची एकेरी, ती हरलो. उरली मनीची. ती सुरू व्हायला बारा वाजले, म्हणजे मावशीच्या झोपेचा भर मध्य.

मनीसमोरची मुलगी तिच्यापेक्षा वीतभर उंच होती. आमच्या मुली तिला तोफ म्हणत होत्या. ती चेंडू मारायची तेव्हा तोंडाने 'हाः' असा आवाज काढायची, आणि पहिल्याच 'हाः' ला मावशी दचकून उभी राहिली. "हिला दमा आहे का?"

"नाही, ती जोर लावतेय. बसा."

तोफ मारत होती, मनी परत देत होती. हाः, टप्. हाः, टप्. तोफेचा चेंडू कुंपणाच्या कोपऱ्यात गेला तरी मनी तिथे पोचलेली असायची, आणि तिथून तो पुन्हा उंच, मऊ, मधोमध. पहिले चार गेम व्हायला अर्धा तास लागला. आमच्या पुढच्या पायरीवर बसलेल्या गृहस्थांनी शब्दकोडं काढलं.

मावशी पुढे झुकून बघत होती. आधी तिला अभिमान वाटला, मग प्रश्न पडले, मग ती चिडली. "अगं, मार की! समोर मोकळं पडलंय सगळं! बाई, हिला दिसत नाही का? ही अशी काय मारतेय, जशी काही पलीकडे कुणी..."

ती थांबली. तिने माझ्याकडे बघितलं.

"पलीकडे मी झोपलेय," ती म्हणाली.

"असं काही नाही हो."

"असंच आहे. आठ वर्षं पोरीला हळू हळू करायला लावलं मी. आणि आता माझ्या झोपेपायी तिची जागा जाणार." तिने डब्याचा पट्टा हाताभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "सामना संपला की सांगते तिला. नाही, पुढच्या गेमनंतरच ओरडून सांगते."

पण पुढचा गेम लांबला. हाः, टप्. हाः, टप्. ऊन पायरीवर आलं होतं. मी चेंडूकडे बघत होते. बाजूला बघितलं तर मावशीची मान खांद्यावर आली होती आणि तोंड किंचित उघडं. मी चिमटा काढला. तिने झोपेतच माझा हात बाजूला सारला आणि म्हणाली, "सलाइन संपल्यावर बोलवा."

पहिला सेट मनीने सात-पाच असा जिंकला. मावशीने त्यातला शेवट बघितला नाही.

दुसऱ्या सेटमध्ये तोफेला राग आला, आणि रागात तिचे चेंडू बसायला लागले. मधेच तिने पंचांकडे तक्रारही केली, "सर, ती खेळतच नाहीये!"

"मग चेंडू तुझ्याकडे येतोय कसा?" पंच म्हणाले. त्यांचेही पाय दुखत असावेत.

तोफ चार-तीनने पुढे गेली. बाजू बदलताना कप्तानबाई मनीला काहीतरी सांगत होत्या, हातवारे करून, त्या बसलेल्या घशाने. मनी पाणी पीत होती आणि आमच्याकडे बघत होती. कप्तानबाईंनी तिच्या नजरेच्या दिशेने मान वळवली. मग पुन्हा मनीकडे बघितलं. काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं.

"काय बघतेस तिकडे?"

"मावशी झोपलीय."

"मग?"

"काही नाही. जोरात मारलं की जाग येईल तिला. रात्रभर ड्यूटी होती तिची."

कप्तानबाई बाकावरून उठल्या, कुंपणापाशी आल्या आणि तारेला बोटं अडकवून, जमेल तेवढ्या आवाजात म्हणाल्या, "बाई! उठवा त्यांना! त्या झोपल्यात म्हणून ही मारत नाहीये!"

शब्दकोडंवाल्या गृहस्थांनी मान वर केली.

मी मावशीला हलवलं. नुसतं हलवून भागलं नाही, बाटलीतलं पाणी हातावर घेऊन तोंडाला लावलं. ती उठली. "कोण गेलं?"

"कुणी नाही. तुम्ही जाग्या आहात हे मनीला सांगा. लवकर."

मावशी उभी राहिली. वॉर्डात रात्रीच्या वेळी कुजबुजून बोलायची सवय असलेली बाई, पण तिने जो आवाज काढला तो रस्त्यापलीकडच्या दुकानदारानेही ऐकला असेल. "मने! मी जागी आहे! मार!"

मनीने मान डोलावली.

आणि मारलं. पहिला चेंडू कुंपणावरून पार झाडीत गेला. दुसरा जाळ्यात. तिसरा इतका जोरात गेला की तोफ मागे सरकली, पण तो रेषेच्या हातभर बाहेर पडला. प्रत्येक फटक्यानंतर मनी आपल्या रॅकेटकडे असं बघत होती, जसं काही ती दुसऱ्याची आहे. दोन गेम कुठे गेले ते कळलं नाही. सेट सहा-तीनने तोफेचा. लोकांनी वर्तमानपत्रं मिटली. बघण्यासारखं काहीतरी एकदाचं चालू झालं होतं.

तिसरा, शेवटचा सेट. एक-शून्य. दोन-शून्य. तीन-शून्य. सगळे तोफेचे. पुढे तिला फार काही करावं लागत नव्हतं, मनीच चेंडू सगळीकडे उधळत होती. कप्तानबाई बाकावर बसून स्वतःशीच बोलत होत्या. ओठांवरून मला एवढं वाचता आलं, 'मी कशाला उठवलं!'

"बाई," मावशी हळूच म्हणाली. "हे बरोबर नाही चाललंय ना?"

"नाही."

"हिला मारता येतच नाही."

"कसं येईल? कधी मारलंय?"

मावशी तोंडाने च्च च्च करत राहिली, वॉर्डात एखादा ताप उतरत नसला की करत असावी तसं. खाली मनी बाकावर बसली होती आणि पुन्हा वर बघत होती. मावशी जागी आहे ना, एवढं बघून घेत होती. पोर मान डोलावून सांगितलेलं करायला तयार होती, आणि करत गेली की हरणार होती.

"पहिल्यांदा बघायला आले," मावशी म्हणाली, "आणि बघितलं तर हरते. काय कर्म आहे बघा." तिने डब्याच्या पिशवीतून मोठा पांढरा रुमाल काढला, झटकला, मनीला दिसेल असा, आणि पायरीच्या मागच्या भिंतीला डोकं टेकून तोंडावर टाकला. रुमालाखालून म्हणाली, "तुम्ही सांगत राहा मला. पण हळू. मी झोपलेय."

मनीने बघितलं. तिचे खांदे खाली आले. पुढचा चेंडू आला तो तिने परत दिला. टप्.

"परत दिला?" रुमालाखालून.

"दिला."

"हं. ऐकू आला. पुढे?"

"तोफेने मारला. मनीने परत दिला. पुन्हा मारला. पुन्हा. आता कोपऱ्यात, अहो, पोचली! आता तोफेने बाहेर मारला."

"माझ्याकडे बघून सांगू नका, तिला कळेल."

मी समोर बघून, ओठ फार न हलवता सांगत राहिले. धडा वाचणाऱ्या मनीसारखी. तीन-एक झाले. तीन-दोन. तोफेने एकदा रॅकेट जमिनीवर आपटली, पंचांनी तिला ताकीद दिली. तीन-तीन. लोकांनी पुन्हा वर्तमानपत्रं उघडली, आणि मला ते बघून इतकं बरं वाटलं. चार-चार. एक चेंडू जाळ्यावरून अठ्ठावन्न वेळा गेला-आला. मी मोजले. शेवटी तोफ कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि चेंडू तिच्या पायाजवळून उड्या मारत निघून गेला, तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पाच-पाच," मी म्हणाले. "मावशी, पाच-पाच झाले." उत्तर नाही. "मावशी?"

रुमाल वर-खाली होत होता. एका लयीत, शांतपणे. मग त्याखालून बारीक घोरणं सुरू झालं.

मी चिमट्यासाठी हात उचलला आणि खाली घेतला. उठवून चालणार होतं का? नाटक करायला बसलेली बाई खरीच झोपली होती, आणि याहून चांगलं नाटक तिला जमलं नसतं.

मनीने सहावा गेम घेतला. सातव्यासाठी तिला एकच गुण हवा होता तेव्हा तोफेने सगळा राग एका फटक्यात घातला. चेंडू मनीच्या उजव्या बाजूला, रेषेवर. मनी तिथे होतीच. तिने तो उचलून दिला, उंच, मऊ, मधोमध. तोफेला वेळच वेळ होता. तिने हात मागे नेला, चेंडूकडे बघितलं, मनीकडे बघितलं, पुन्हा चेंडूकडे बघितलं, आणि जाळ्यात मारला.

संघातल्या मुली किंचाळत मैदानात धावल्या. कप्तानबाई बाकावर उभ्या राहून काहीतरी ओरडल्या, पण त्यांच्या घशातून वारा तेवढा आला. मनी वळली, आणि धावत येणाऱ्या सगळ्या मुलींसमोर तिने ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हाताने वरच्या पायरीकडे दाखवलं. मुली जागच्या जागी थांबल्या. एकमेकींच्या तोंडावर हात ठेवून, आवाज न करता, त्यांनी मैदानावर उड्या मारल्या. शब्दकोडंवाले गृहस्थ टाळ्या वाजवणार होते, त्यांनी एका तळहातावर दुसऱ्या हाताचं बोट आपटलं.

चार-पाच मिनिटं अशी गेली. मग रुमाल हलला. "थांबली का ती?"

"संपलं, मावशी."

रुमाल सरकन खाली आला. "कोण?"

"मनी. सात-पाच."

"आणि तुम्ही मला उठवलं नाहीत!"

"कशी उठवणार?"

तिला ते पटलं आणि म्हणून ती जास्तच चिडली. तेवढ्यात मनी पायऱ्या चढून आली, घामाने निथळत, पावलांचा आवाज न करता.

"बघितलं सगळं," मावशी म्हणाली. "छान खेळलीस."

"तू घोरत होतीस."

"काहीतरीच. तिथून तुला काय ऐकू जाणार?"

"मला भिंतीतूनही येतं," मनी म्हणाली. वर्गात दोन वर्षं मी जो ऐकायला कान लावून बसले होते, तो हा आवाज. "रोज येतं. ते थांबलं की मी अजून हळू मारते."

मावशीने तिचं मनगट धरलं. नाडी मोजते आहे असं दाखवलं, पण घड्याळाकडे बघितलं नाही.

मनीची जागा राहिली. कमिटीने पत्र पाठवलं, त्यात तिच्या 'संयमी खेळा'चं कौतुक होतं, आणि ते वाचून कप्तानबाई इतक्या हसल्या की त्यांचा उरलेला घसाही बसला. त्यानंतर त्या पुन्हा मावशीकडे आल्या, या वेळी कागदावर लिहून. पुढची स्पर्धा तीन आठवड्यांनी, दुसऱ्या शहरात. मनीसाठी बसचं तिकीट, मावशीसाठीही. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'येऊन फक्त झोपायचं आहे.'

त्या दिवशी संध्याकाळी मावशी रजेचा छापील अर्ज घेऊन माझ्याकडे वर आली. नाव, वॉर्ड, तारखा सगळं भरलं होतं. एक ओळ मोकळी होती.

"बाई, तुम्ही शाळेत आयुष्यभर अर्ज तपासलेत," ती म्हणाली, "तेव्हा आता तुम्हीच सांगा. इथे 'रजेचे कारण' म्हणून लिहिलंय. काय लिहू? घरी झोपायला मिळत नाही म्हणून रजा मागणाऱ्या नर्स आमच्या मेट्रनने पुष्कळ बघितल्यात. पायरीवर बसून झोपायला दोनशे मैल जायचंय, हे त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगू?"

मी 'कौटुंबिक' लिहायला सुचवलं. तिला पसंत पडलं नाही, पण तिने लिहिलं. पेन परत देताना मागच्या अंगणातून टपटप ऐकू येत होती. मावशीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली डोकावून बघितलं. सहा वाजले होते, ती लख्ख जागी होती, आणि तरीही मनी हळूच मारत होती.

"मार गं!" मावशी ओरडली. "मी वर आहे!"

टप्, खालून आलं. टप्.

"डोक्याला ताप," मावशी म्हणाली, आणि खिडकीशीच उभी राहिली.